तिमाही विवरण

चॅपेलच्या मागच्या खोलीत
नाण्यावर चालणारा हीटर लावून
मी पक्षाचा हिशेब भरते आहे.
लान्वेरन शाखा. कोषाध्यक्ष मी, सतरा वर्षं,
दुसऱ्या कुणी हात वर केला नाही म्हणून.

केकविक्री: एकसष्ट पौंड वीस पेन्स.
सोडतीची तिकिटं: अठ्ठ्याऐंशी.
ब्लोद्विन ह्यूजची बरणी: तेवीस, सगळी चिल्लर,
शिवाय एक कोटाचं बटण.
बटण मी तिला परत नेऊन दिलं.
त्याची नोंद कुठे करतात माहीत नाही.

मग कर्ज.
देणारे: आयोर ट्रेहार्न, खाणमालक.
रक्कम वीस हजार. व्याज शून्य.
परतफेडीची तारीख:
हा रकाना रिकामा आहे
आणि तो रिकामाच सगळ्यांना आवडतो.
मी बैठकीत विचारलं होतं, हे उसनं की देणगी?
उमेदवार म्हणाला, उसनंच,
फक्त फार सोशिक आहे.
सगळे हसले. मीही हसले असेन.
त्यानंतर डोंगरावरच्या नव्या खाणीबद्दलचा
आमच्या पत्रकातला परिच्छेद
दर खर्ड्याला एकेक वाक्यानं आखडत गेला.
आता तिथे डोंगर सुंदर आहे एवढंच आहे.

आणि ही पाकिटं. चौदा.
एकाच आठवड्यात चौदा सभासद,
प्रत्येकी चारशे नव्याण्णव.
पाचशेच्या वर गेलं की देणारा तपासावा लागतो,
अलीकडे थांबलं की सक्ती नाही.
एका पौंडाचं कुंपण, आणि चौदाही गुरं
त्याला नाक लावून उभी.
चौथी शॅनन पॉवेल,
जिनं फेब्रुवारीत माझ्याकडून
कोळशाला तीस नेले, अजून भेटली की नजर चुकवते.
नववा एम्लिन प्रिचर्ड.

एम्लिन माझा नवरा.
मार्चमध्ये गेला.

सही पाहिली. ए-ला गोल वेलांटी.
तो सही करायचा ती खिळा ठोकल्यासारखी,
आणि सोडतीच्या एका तिकिटापलीकडे
पक्षाला त्यानं कधी दमडी दिली नव्हती.
सक्ती नव्हती, तरी मी मतदारयादी उघडली.
सवय.
आहे. बेचाळीस नंबर, क्वॅरी रो.
माझ्या नावाच्या वर.

कारण तो फॉर्म अजून माझ्याच
स्वयंपाकघरातल्या खणात आहे, सुतळीच्या गुंडीखाली.
मे महिन्यात त्याचं मतदानपत्र आलं
तर मी ते फ्रिजला लावलं.
आणि यंदाची त्याची सभासद वर्गणी
घरखर्चातून मीच भरली, कुणाला न सांगता.
म्हणजे ज्यांना नावं हवी होती
त्यांना हे नाव मीच राखून दिलं होतं,
झाडून-पुसून.

आमच्या गावात छपरं पाटीच्या दगडाची,
मुलं शिकायची ती पाट्या त्याच्याच,
थडगीही त्याचीच.
पाटीवरचं ओल्या बोळ्यानं जातं.
चॅपेलच्या मागे त्याचं नाव कोरलंय, ते जाणार नाही.
यादीतलं या दोन्हींच्या मधलं.

घरी जाऊन फॉर्म आणला.
मृत्यूची तारीख: आज रात्रीचा हा पहिला रकाना
जो मला कुणाला न विचारता भरता आला.
मग विवरण. नववी ओळ:
देणगीदार मयत. रक्कम परत करावयाची.
कुणाला, ते लिहायला जागा होती, हात उचलला नाही.
उरलेल्या तेरा पाकिटांपुढे लिहिलं,
प्रत्यक्ष भेटून विचारणे.
शॅननकडे आधी जाईन. तिसाचं काही बोलणार नाही.
कर्जाच्या तारखेपुढे पेन्सिलनं प्रश्नचिन्ह,
मग पुसून शाईनं.

फोन वाजला. उमेदवाराचा असणार,
उद्या शेवटचा दिवस.
वाजू दिला.

हीटर विझला तेव्हा लक्षात आलं
बोटं गार पडली आहेत.
पर्समधून एक पौंड काढून घातला
आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा
तो लिहिला.