पुढच्या चाकाचं तेल

लातूरच्या धावपट्टीवर, हँगरच्या सावलीत
चहाचे तीन ग्लास मांडलेत मी.
चहा एकातही नाही.

पहिल्यात लाल तेल, पुस्तकात लिहिलेलं,
कुंकू कालवलेल्या पाण्यासारखं.
दुसऱ्यात मोटारसायकलच्या फोर्कचं,
औसा रोडवरच्या दुकानातून उधार.
तिसऱ्यात सिलिकॉन. पुण्याहून आलं, मधापेक्षा आळशी,
त्याची किंमत क्लबच्या हिशेबनीसाला
मी अजून सांगितलेली नाही.

फुटक्या बेअरिंगचा छर्रा एकेका ग्लासात सोडतो
आणि तळाला टेकेपर्यंत ओठातल्या ओठात आकडे मोजतो.
मेमधली दुपार, बाहेर डांबरात बूट रुततो.
मग रसवंतीवरून आणलेल्या बर्फात ग्लास बुडवून
पुन्हा मोजतो, ही माझी जानेवारी.

लाल: उन्हात एक, बर्फात दीड.
फोर्कचं: उन्हात दोन, बर्फात सहा. बाद.
सिलिकॉन: अकरा, बारा.
ऋतू बदललेला त्याला कळतच नाही.
मला ते आवडलं. खरं सांगतो, आवडलं.
आमच्या आडतीवर असा एक हमाल होता,
तुरीचं पोतं असो की कापसाचं,
चाल तीच.

खय्यूममामा आले, वाकून बघितलं.
चाळीस वर्षं पंप, बोअर, ट्रॅक्टर, आता विमान.
"काय करायलास लेका, सरबत?"
मी आकडे दाखवले.
त्यांनी रबराची जुनी रिंग खिशातून काढली,
काल रात्रभर ब्रेकच्या तेलात भिजवलेली,
मोड यायच्या आधीच्या मटकीसारखी टरारलेली.
"हे चवथं. कुणी घाई केली तर हेच ओततंय.
आधी रबराला विचार, मग छर्ऱ्याला."

मग रेती चाळावी तसं हळू म्हणाले,
"पोरं एकदा आपटत्यात का दोनदा?"

मी गप्प.
घोणसीकरांची रेवा काल तीनदा आपटली होती,
तिसऱ्यांदा पुढचं चाक असं थरथरलं
की तिच्या हातातली पकड
खाली उतरल्यावरही थरथरत होती.

पायाच्या आत सुईच्या नेढ्याएवढं छिद्र,
धक्का आला की तेल त्यातून वर जातं,
आणि दुसरा धक्का यायच्या आत
त्याला परत यायचं असतं.
सिलिकॉन येईल,
पण निवांत, पाहुण्यासारखं, जेवणं उरकल्यावर.
तोवर पाय ताठ, आणि धक्का सरळ चौकटीत,
चौकटीतून रेवाच्या मणक्यात.

लाल तेल ओतलं. पाय हळूहळू दाबत
बुडबुडे निघेपर्यंत, मग नायट्रोजन,
मग पुसून चार बोटं चकचकीत दांडा मोकळा.
रबराची रिंग नवी.
पुस्तकात हे सगळं एका ओळीत होतं.
हिशेबनीस हेच म्हणणार आहे.

ही गोष्ट जानेवारीत संपते.
पहाटे सहा, माळावर धुकं,
बर्फाची गरज नाही.
रेवा दहा फेऱ्या मारून उतरली,
नववी वाईट होती, दोनदा उसळली,
चाक मात्र सरळ धावलं.
ती वहीत वेळ लिहीत होती तेव्हा
मी वाकून पुढच्या पायाला तळवा लावला.

बाकी सगळं लोखंड गार.
तिथं जरासं कोमट.
एवढ्या आपटण्याचं एवढंच उरलं.
किंवा हात माझाच गरम असेल,
आत्ताच चहाचा ग्लास ठेवला होता.