बत्तीस, सव्वीस

नेरुळला, अकराव्या मजल्यावर,
मीच बसवलेला दीड टनाचा एसी
रात्रभर बावीसवर चालतो,
आणि त्याच खोलीत आता
एक पेटी गरम करायला मला बोलावलंय.

मी तांडेल. थंडीवाला माणूस.
बाप दिवाळ्याच्या जेट्टीवर बर्फ फोडायचा,
बारा महिने हिवाळा त्याच्या बोटांत.
मी फ्रीज, कूलर, गॅस भरणं.
ऊब म्हणजे आमच्या धंद्यात बिघाड.

मॅडमचं नाव आश्लेषा.
नक्षत्रच सापाचं; बोललो नाही काही.
चार फुटी काचेची टाकी, वर जाळी,
आत दिवे, प्लास्टिकचं जंगल,
आणि पाण्याच्या वाटीमागे तोंड खुपसून
खजूर.
चेंडूसारखा आवळलेला अजगर,
माझ्या मनगटाएवढा जाड,
सहा आठवडे उपाशी.
त्याच्या सरकारी नोंदीचा कागद
फ्रीजच्या दारावर, चुंबकाखाली.
आत फ्रीझरमध्ये, मटारशेजारी,
झिपच्या पिशवीत गोठलेले पांढरे उंदीर.
तो फ्रीजही माझ्याच हातचा.

टाकीच्या तळाला हात लावला तर चटका.
गरम चटई नुसती प्लगात खोचलेली,
थर्मोस्टॅट नाही.
"भाजलं तरी उठत नाही, काका,
त्याला लवकर कळतच नाही."
मी म्हटलं, माणसंही असतात तशी.
कोण, ते सांगितलं नाही.

तुर्भ्याला गाळ्यात
आइस्क्रीमचा एक मेलेला फ्रीझर पडून होता.
त्याच्या भिंती कापल्या, जोडल्या,
पुढून सरकती काच, मागे बोटभर भोकं.
पफला काय कळतंय
थंडी राखायची की ऊब;
तो राखतो.

डाव्या तिसऱ्या हिश्श्याखाली चटई,
तिच्यावर प्रोब चिकटवला, आकडा लावला: बत्तीस.
उजवीकडे सव्वीस.
मधे त्याची मर्जी.
नारळाचा भुसा, ओलावा साठ.
आणि दोन मडकी, अर्धी कापून पालथी,
एक गरम बाजूला, एक गार.
दोन्ही सारखीच, मुद्दाम.
नाहीतर ऊब हवी की आडोसा
हे त्याला निवडावं लागतं.
तेवढं निवडणं मी एकदा केलंय.

"एवढीशी पेटी?" मॅडम म्हणाल्या,
"चार फुटांतून काढून?"
घर विकत घेतलेल्या माणसाचा प्रश्न.
मी मडक्यात हात घालून दाखवला.
अंगाला चारी बाजूंनी भिंत लागली
तरच तो झोपतो.
वाढेल तशी वाढवू.
कोपरखैरण्याला आम्ही
एका खोलीत पाच होतो, हे आठवलं;
पण ती गोष्ट वेगळी,
आम्ही काही मागून घेतली नव्हती.

रात्री पावणेतीनला फोन.
"काका, वीज गेली! जनरेटर फक्त लिफ्टला!
आकडा उतरतोय, तीस, एकोणतीस,
गरम पाण्याच्या बाटल्या ठेवू का?"
मी झोपेतच विचारलं, एसी?
"तोही बंद."
मग खिडकी उघडा, मॅडम.
पलीकडे क्षणभर काही नाही.
मग काच सरकल्याचा आवाज,
खाडीचा वास फोनमधूनही आल्यासारखा.
बाहेर अख्खी नवी मुंबई
एकतीसवर उभी होती,
फुकट.

माझ्याकडे वीज होती.
पंख्याखाली बाप गोधडीत,
मे महिन्यात, गुडघे पोटाशी.
रोज म्हणतो, बंद कर तो.
रोज मी म्हणतो, उकडून मरू आम्ही.
उठलो, बटण दाबलं,
चटई घेऊन गॅलरीत आलो.

सकाळी फोटो आला:
गरम बाजूचं मडकं,
काठाशी नुसती जीभ.
जेवला का, विचारलं.
"नाही अजून."