जोडपत्र क

पाटोवर तिसऱ्या मजल्यावर
मी नव्या कल्पनांची आवक नोंदवते.
बारनिशी म्हणत नाहीत आता, पोर्टल म्हणतात;
शिक्का मात्र तोच, शाई तीच जांभळी.

एप्रिलात शाणू गावस आला, पिसुर्ल्याचा,
वय एकावन्न.
खाण थांबली तेव्हापासून त्याचा टिपर दारात,
चाकांतून तेरडा उगवलेला.
त्या टिपरचा जॅक काढून त्यानं
बोंडू पिळायचं यंत्र केलंय.
दहा टन माती उचलायचा तो जॅक
आता रस गाळतो. पायांनी तुडवणं संपलं.

अर्ज पेनानं भरलेला.
बाजारपेठेचा आकार? – अर्धी सत्तरी. उरलेली मेव्हणा बघतो.
उद्योग दहापट कसा वाढेल? – बोंडू दोन महिनेच असतात बाई, झाडाला विचारा.
बाहेर पडण्याची योजना? – मागच्या दारानं, विहिरीकडे.

मी हसले नाही.
हसले, पण तो जिना उतरल्यावर.

सोबत नमुना: नीरोची एक बाटली,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली.
नमुन्याला धोरणात मनाई नाही.
मी चिठ्ठी चिकटवून शिक्का मारला: जोडपत्र क.

धोरण वाईट नाही. सात वेळा टंकलंय मी.
बीजभांडवल आहे, भाड्यात सूट आहे,
बायकांना जादा टक्के,
आणि निर्णय पंचेचाळीस दिवसांत.
नीरोला एवढं कुठलं थांबवतंय?
सकाळी गोड होता, दुपारी चुरचुरला,
आणि साडेपाचला, पडद्यावर
पर्वरीच्या एका मुलाचं सादरीकरण रंगात असताना,
बूच उडालं.
मुलाला वाटलं, दाद आली.

नस्तीवर मी टिपणी लिहिली:
‘हंगामी उद्योगांचे अर्ज जानेवारीत घ्यावेत,
निर्णय बोंडू पिकायच्या आत व्हावा.’
साहेबांनी समासात हिरव्या शाईनं लिहिलं: चर्चा करा.
कोणाशी, ते लिहिलं नाही.

मे संपता संपता शाणूचा फोन:
‘बोंडू सोंपले, बाई. पैशांचं राहू द्या.
बाटली तेवढी परत द्या,
बायकोची आहे, सरबताची.’

बाटली नस्तीला बांधलीय.
आवक क्रमांक पडला की
आमच्याकडून काही परत जात नाही.

मी घरची एक धुऊन पिशवीत ठेवलीय.
पालथी घालून रात्रभर वाळवली,
मग आत सरकवला, सुरळी करून,
एक कोरा अर्ज.