त्रेचाळिसावा प्रश्न

पहाटे चारला थोंगयंगच्या शेडमध्ये
कालवांचे ढीग आमच्या छातीला लागलेले असतात,
आणि आम्ही मालिकेतल्या माणसांना
चार-चार अक्षरं वाटत उभ्या असतो.

सुरुवात मालरेच्या भाचीनं केली.
नोव्हेंबरात कामाला आली,
तिसऱ्या दिवशी अंगठा कापून परत गेली,
जाताना अक्षरं तेवढी ठेवून गेली:
आय म्हणजे आतला, ई म्हणजे बाहेरचा,
टी डोक्यानं चालतो, एफ काळजानं.
उरलेली चार कुणालाच नीट आठवत नाहीत,
पण त्यावाचून आमचं काही अडत नाही.

डॉक्टर माएंग? टी.
बायकोच्या अंत्यविधीत घड्याळ बघतो मेला.
धाकटा जावई? ई, शंभरदा ई,
त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.
आणि मधली सून, आतल्या गाठीची,
तिच्यावरून सोमवारपासून वाद आहे.
हरेल तिनं मशीनची कॉफी पाजायची,
दुधाची, गोडमिट्ट, कागदी पेल्यातली.

काल रात्री सासूनं, त्या हान बाईनं,
सुनेला बर्फात घराबाहेर काढलं.
आम्ही सुऱ्या हातात घ्यायच्या आत
तिची चारही अक्षरं लावून मोकळ्या.
एक घाव दोन तुकडे.

ओकबुन म्हणाली, थांबा.
एकाहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली,
शिंपला हातात घेतला की आधी फिरवून बघते
कुठून उघडायला तयार आहे.
तिनं वरचा हातमोजा काढला,
आतला दातांनी ओढला,
माझा फोन मागितला.
चाचणी लावून दे म्हणाली,
हान बाईच्या वतीनं मी उत्तरं देते.

साठ प्रश्न. मी वाचायचे, तिनं बोट ठेवायचं.
अनोळखी माणसांच्या घोळक्यात तुम्हाला बरं वाटतं का?
"तिला कोण बोलावतंय घोळक्यात," मालरे.
"बोलावलं तर जाईल. नवी चप्पल घालून जाईल,
आणि दाराशीच उभी राहील."
प्रवासाची बॅग तुम्ही आधीच भरून ठेवता का?
"लग्नाच्या रात्रीपासून भरलेली आहे,"
ओकबुन म्हणाली, आणि बोट ठेवलं.

आम्हाला किलोवर पैसे मिळतात.
तरी एकेक सुरी थांबत गेली.

त्रेचाळिसावा:
बोलून गेल्यावर, आपण काय बोललो,
ते तुम्ही रात्री पुन्हा पुन्हा आठवता का?

सात गोल. एका टोकाला हो, एका टोकाला नाही.
ओकबुनचं बोट मधल्या हवेत.

"नाही," तीन तोंडं एकदम.
"तिनं दार लावलं. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही."
"कॅमेरा सुनेच्या मागे गेला," ओकबुन म्हणाली.
"दाराच्या आत म्हातारीजवळ कोण होतं?
तू होतीस? पिलसून, तू होतीस?"

पिलसून फारशी बोलत नाही.
म्हणाली, "लेखिका असेल."
"ती झोपली असणार. रोज एक भाग लिहायचा म्हणजे."

आम्ही हसलो. तेवढ्यात पडदा काळा झाला.
ओकबुननं बोट टेकवलं, काही नाही.
एप्रनला पुसून टेकवलं,
डोक्याच्या फडक्याला पुसून टेकवलं.
पन्नास हिवाळे मिठाच्या पाण्यात घालवलेलं बोट,
त्याच्यावर रेघा म्हणून राहिलेल्या नाहीत.
"बघा," ती म्हणाली, "हा मलाच माणसात धरत नाही,
आणि मी दुसरीची उत्तरं देते."

मोजो चढवला. ढीग जवळ ओढला.
सातला वजन झालं तेव्हा
तिच्या बादलीत दोन किलो कमी.
कॉफी तिनंच पाजली सगळ्यांना.
नियमानं ती हरली नव्हती,
पण नियम सांगायला कुणी तोंड उघडलं नाही.

आज सून परत येणार म्हणतात.
मालरेची पैज आहे, हान बाई दार उघडणार नाही.
मी सुटी नाणी डब्यात काढून ठेवली आहेत.
कुठल्या बाजूनं लावायची
ते जेवताना ठरवीन.