फुंकणी

बत्तीस वर्षं फुंकतोय मी.
गुजरीतल्या बोळात, आठ बाय सहाच्या खोलीत,
ओठांत पितळी फुंकणी, पुढ्यात दिव्याची वात,
आणि ज्योत वाकवायची मण्याएवढ्या जागेवर.
नाकानं घ्यायचं, गालात साठवायचं,
तोंडानं सोडत राहायचं,
धार तुटू द्यायची नाही.
वडील म्हणायचे, सोनाराचा श्वास
गिऱ्हाइकाच्या मालकीचा.

त्या दिवशी साजातलं एक पान वितळलं.
मला ठसका लागला नव्हता,
बोळातून कुणी हाक मारली नव्हती.
फक्त मनात बँकेचा हप्ता आला,
मग पुण्यातल्या पोराचा न उचललेला फोन,
आणि ज्योत अर्धा क्षण जास्त थांबली.
मासा होता तो, मत्स्यावताराचा.
खवल्यांसकट गोळा झाला,
ज्वारीच्या दाण्याएवढा.

दाणा काडेपेटीत ठेवला.
रातोरात नवा मासा घडवला,
त्याला जुन्याची झाक आणली,
गारगोटीच्या देसाईबाईंच्या हातात साज दिला.
त्यांनी तो कपाळाला लावला.
"आईचा आहे हो," म्हणाल्या.

तेव्हापासून झोप नाही.
छातीवर कुणी ऐरण ठेवून विसरून गेल्यासारखं.
ईसीजी काढला, चांगला निघाला.
डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका."
जसं काय मी ते हौसेनं
रोज सकाळी मंडईतून आणतो.

बायकोनं ढकललं तालमीच्या माडीवर.
खाली तांबडी माती, तेलाचा वास,
शड्डू ठोकणारी पोरं.
वर सतरंजीवर आम्ही अकरा जण
आणि सीपीआरमधून रिटायर झालेल्या मगदूम सिस्टर.
आसनांची नावं त्या मराठीत उलगडतात:
"मकरासन म्हणजे पालथं पडा,
बाकीचं जमिनीला करू द्या."
माझे गुडघे वाजले
भट्टीत ओला कोळसा फुटावा तसे.
शेजारचे निवृत्त तलाठी खुदकन हसले.
मग मीही.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टर जवळ येऊन बसल्या.
"पोतदार, तुम्ही नुसता सोडताय की हो.
घेताय कुठं?"
मी फुंकणीचं सांगितलं.
त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.
"मग आज पुढ्यात ज्योत नाही असं समजा.
फुंका.
पण काही वितळवू नका."

एक श्वास गेला.
कुठं पोचला नाही.
त्याला कुठं पोचायचंच नव्हतं,
हे कळायला मला
पन्नाशी ओलांडावी लागली.
खाली कुणीतरी चितपट झालं, आरडाओरडा झाला,
आणि त्या गलक्यातच मासा आला,
मिटल्या डोळ्यांपुढं, खवल्यांसकट.
मी त्याला हाकललं नाही.
श्वास गेला, मासा होता.
श्वास आला, मासा होताच.
ऐरण तेवढी
कुणीतरी उचलून बाजूला ठेवली होती.

घरी जाऊन गारगोटीला फोन लावला.
सगळं सांगितलं, दाण्यापर्यंत.
पलीकडं इतकी शांतता
की मी मोजत राहिलो:
चार आत, सहा बाहेर. चार आत.

"माहीत होतं मला," देसाईबाई म्हणाल्या.
"आईच्या माशाचा एक डोळा झिजलेला होता.
तुम्ही त्याला दोन्ही दिलेत."
माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत.
दाणा आहे का, एवढंच विचारलं.
आहे, म्हटलं.
"मग पाठवा."

हप्ता अजून दर पाच तारखेला येतो.
पोरगा रविवारी फोन उचलतो, कधी नाही उचलत.
झोपही रोज येते असं नाही;
येते तेव्हा मात्र पाय लांब करून येते.

दुपारी दोन डागांच्या मध्ये
मी फुंकणी खाली ठेवतो.
पलीकडच्या पाटावरचा बंगाली कारागीर सुबल
चिमटा थांबवून बघतो, "दादा, काय झालं?"
काही नाही रे, म्हणतो.
हा एक माझा.