मंगळवारचा रकाना

अक्राच्या पश्चिमेला नवा धक्का झालाय.
बर्फाचा कारखाना, लोखंडी काटा, रात्रभर दिवे.
वहीत रोजची आवक, किलोत.

डेडेई अजून घमेल्यातच मोजते :
एक धुरीला, अर्धं उधारीला,
मूठभर तारली
ज्याची होडी रिकामी आली, त्याच्या घरी.
ती मूठ काट्यावर चढतच नाही.

"आवक वाढवायचीय," कारकून क्वार्टेई म्हणाला,
"आणि दर मंगळवारी शून्य?"

मंगळवारी दर्यात जायचं नसतं.
जाळी वाळूवर. जाळ्यांवर पोरं झोपलेली.

डेडेईनं ओलं बोट रकान्यावर ठेवलं,
"शून्य खोडा. लिहा,
आज आवक समुद्राकडे."

त्यानं काही लिहिलं नाही.
पानावर तिच्या बोटाचा डाग
एका खवल्यासकट
वाळत गेला.