पावती

दर ठरवताना मी आधी डिझेल लिहिते.
कुमासीत वीज कधी जाईल याची पैज कोणी लावू नये,
कुणाच्या अंत्यविधीच्या दिवशी तर नाहीच.
मग टेम्पो, सुआमे ते मांपोंग, जाऊन-येऊन.
नाक्यावरच्या पोलिसाच्या हातावर काय ठेवलं
ते मी 'टायर' म्हणून लिहिते.
मग दोन पोरं, स्पीकर उचलणारी,
त्यांची केंकी, तळलेले मासे, मिरचीचा ठेचा,
आणि त्यातल्या एकाची पाठ,
पंचविशीतच साठीला टेकलेली.
पाठीचा रकाना कुठे आखायचा
मला अजून सुचलेलं नाही.

शेवटच्या ओळीत मी.
तिथे पेन अडतं.
कुठल्या भजनानंतर कुठलं हायलाइफ,
रडणं कुठवर चालू द्यायचं, आणि मग
खुर्चीतली विधवा नाचायला कधी उठेल
हे तिच्या टाचेवरून ओळखायला
मला अकरा वर्षं लागली.
लोक म्हणतात, बटणच तर दाबायचं.

ट्वुमासी, ओपानिन डुआंचा भाचा आणि वारस,
सिमेंटचं दुकान, हातात दोन फोन.
मी म्हटलं, पस्तीसशे सेडी.
तो हसला. म्हणाला, शवपेटीवाल्याशी
मी घासाघीस केली नाही,
मेलेल्या माणसाच्या वस्तूवर घासाघीस करू नये.
मग माझ्याशी का?
तू जिवंत आहेस ना, म्हणाला.

सत्तावीसशेवर तुटलं.
हजार आगाऊ, बाकी शनिवारी संध्याकाळी, रोख.

शनिवारी मांडवाखाली निळ्या खुर्च्या,
काळे-लाल कपडे, आणि कडेला
वही उघडून बसलेलं देणग्यांचं टेबल.
तिथलं एकेक नाव, एकेक आकडा
माझ्या माइकवरून गावाला ऐकवायचा.
असाफोची चर्च-मंडळी, चारशे.
टोरांटोहून आलेली नात, शंभर डॉलर.
आजी आकोमा, टोमॅटो विकते ती, दहा.
निवेदक मोठ्या आकड्याला ओरडायचा,
लहान आकडा मिशीत पुटपुटायचा.
मी तीन तास तेच बटण फिरवत बसले,
शंभर डॉलर थोडे खाली,
दहा सेडी थोडे वर.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
याचेही मी कधी पैसे लावले नव्हते.

अंधार पडल्यावर ट्वुमासीने नोटा मोजल्या.
बाराशे.
मी म्हटलं, सतराशे राहिलेत.
त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला,
माइककडे गेला, निवेदकाच्या कानाला लागला,
आणि माझ्याच स्पीकरमधून,
माझ्याच डिझेलवर,
अख्ख्या मांपोंगने ऐकलं:
आपल्या डीजे पोकुआ यांच्याकडून
ओपानिन डुआंच्या स्मरणार्थ, पाचशे सेडी!

टाळ्या पडल्या.
आकडा मोठा, म्हणून निवेदक ओरडलाच होता.
सवयीने माझा हात बटणाकडे गेला
आणि मी स्वतःला
आजी आकोमाच्या उंचीवर आणून ठेवलं.

रीतसर पावती मिळाली. गुलाबी कागद,
नावात एक अक्षर चुकलेलं.
आजी आकोमा जवळ येऊन म्हणाली,
पोरी, आज माझं नाव कसं स्पष्ट ऐकू आलं गं.
मी नुसती मान हलवली, केबल गुंडाळत राहिले.

परतताना पोरं स्पीकरवर डोकं टेकून झोपली.
एजुराच्या बाजूने कुणाचा तरी फोन,
पुढचा शनिवार, त्यांची आई.
मी म्हटलं, चार हजार.
एवढे कसे काय, बाई?
त्यात माझी देणगी धरली आहे, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग विचारलं,
ती देणगी पुकारणार का?

मी हसले. टेम्पो खड्ड्यात आदळला.
मागे झोपेतच कुणीतरी
कण्हत पाठ सरळ केली.
मी दिव्याच्या उजेडात कागद गुडघ्यावर ठेवला,
डिझेलच्याही वर एक ओळ मोकळी सोडली,
आणि पेनाचं टोपण
दातांनी उघडलं.